नोडनिहाय मेमरी वापराचे आकडे: लिनक्स कर्नल नेमके काय मोजतो?

प्रश्न: सर्व्हरराखा

आमच्याकडे दोन सॉकेटचा एक डेटाबेस सर्व्हर आहे. प्रत्येक सॉकेटचा, म्हणजे प्रोसेसरच्या खाचेचा, स्वतंत्र न्यूमा नोड (त्या प्रोसेसरचे सीपीयू आणि त्यांच्या जवळची मेमरी यांचा गट) असून दोन्ही नोडांवर प्रत्येकी सुमारे १२५ जीबी मेमरी आहे. यंत्रावर मुख्यतः पोस्टग्रेस ही डेटाबेस प्रणाली चालते आणि तिच्या सामायिक बफरांसाठी ४८ जीबी नेमून दिले आहेत. ह्यूजपेज (नेहमीच्या ४ केबींऐवजी मोठ्या आकाराची मेमरी-पेजे) वापरलेले नाहीत. 'फ्री' ही आज्ञा दिली की जवळजवळ ७० जीबी मेमरी पूर्णपणे मोकळी दिसते. तरीही यंत्र स्वॅपमध्ये (मेमरीतली पेजे हलवण्यासाठीच्या डिस्कवरील जागेत) लिहीत राहते आणि 'टॉप'मध्ये केस्वॅपडी० हा नोड ० वरील पेजे मोकळी करणारा कर्नलचा थ्रेड सतत वर असतो. केस्वॅपडी१ मात्र निवांत आहे.

म्हणून /सिस/डिव्हाइसेस/सिस्टम/नोड या डिरेक्टरीतील प्रत्येक नोडची मेमइन्फो फाइल पाहिली. नोड ० वर मेमफ्री १.५ जीबी आणि मेमयूज्ड १२३.५ जीबी आहे. फाइलपेजेस ७४, ॲक्टिव्ह-फाइल व इनॲक्टिव्ह-फाइल मिळून ३१, शेमेम (सामायिक मेमरी) ४२, ॲनॉनपेजेस (कोणत्याही फाइलीशी न जोडलेली प्रक्रियांची मेमरी) ३८, स्लॅब (कर्नलच्या स्वतःच्या लहान वस्तूंची मेमरी) ७.५ (पैकी परत मिळण्याजोगा ६) आणि पेजटेबल्स (प्रक्रियेचे पत्ते पेजांशी जोडणारे तक्ते) ३ जीबी, असे तिथले आकडे आहेत. नोड १ वर मेमफ्री ६८ जीबी असून शेमेम नगण्य आहे.

माझ्या शंका अशा आहेत. या ओळींची बेरीज केली तर ती नोडच्या एकूण मेमरीच्या कितीतरी पुढे जाते. मग यांतल्या कोणत्या ओळी एकमेकींत मिसळलेल्या आहेत? एकूण मेमइन्फोत 'मेमअव्हेलेबल' मिळते, ते नोडच्या फाइलीत का नाही? न्यूमास्टॅटमध्ये (कोणत्या नोडवरून किती पेजे दिली याच्या काउंटरांत) दोन्ही नोडांवर न्यूमा_मिस आणि न्यूमा_फॉरिन जवळजवळ स्थिर आहेत, त्यामुळे न्यूमाच्या बाजूने सारे ठीक आहे असे मानावे का? आणि आमच्या देखरेखीच्या एजंटमधून नोडनिहाय आकडे पाठवायचे झाल्यास ते कोणत्या फाइलीतून उचलावेत?

---

प्रतिसाद: पेजमोजणी

बेरजेपासून सुरुवात करतो, कारण बहुतेक डॅशबोर्ड तिथेच फसतात. मेमयूज्ड ही मोजलेली संख्या नाही. कर्नल नोडच्या सर्व झोनांतील (नोडच्या मेमरीच्या पत्त्यांनुसार पाडलेल्या भागांतील) व्यवस्थापित पेजांची बेरीज करतो, तिला मेमटोटल म्हणतो, तीतून मोकळी पेजे वजा करतो आणि उरलेल्याला मेमयूज्ड म्हणतो. त्यामुळे पेज कॅशेसुद्धा (डिस्कवरील फाइलींची मेमरीतली प्रत) त्यात 'वापरलेली' म्हणून येते. एखादा नोड मेमयूज्डनुसार ९९ टक्के भरलेला दिसणे ही एरवी निरोगी अवस्था असते, आणि त्या टक्केवारीवर रात्री-अपरात्री कुणाला उठवणारा इशारा लावणे मला मुळीच पटत नाही.

उरलेल्या ओळी ही निरनिराळ्या कोनांतून घेतलेली मापे आहेत. फाइलपेजेसमध्ये खरी पेज कॅशे, शेमेम आणि स्वॅपकॅश्ड (स्वॅपमध्येही प्रत असलेली पेजे) हे तिन्ही येतात. शेमेमची पेजे फाइलपेजेसमध्ये मोजली जातात, परंतु ती स्वॅपमध्ये जाणारी असल्यामुळे पेजे परत मिळवण्यासाठी कर्नल ठेवतो त्या याद्यांपैकी त्यांची जागा ॲनॉन याद्यांत असते, फाइल याद्यांत नसते. आपल्या आकड्यांत ३१ आणि ४२ मिळून ७३ होतात; उरलेला सुमारे एक जीबी स्वॅपकॅश्डमध्ये सापडेल. तेव्हा फाइलपेजेस ७४, ॲनॉनपेजेस ३८, स्लॅब ७.५ आणि पेजटेबल्स ३ एवढेच मिळवावे. बेरीज १२२.५ येते, म्हणजे मेमयूज्डहून सुमारे एक जीबी कमी. जी पेजे ड्रायव्हर थेट पेज ॲलोकेटरकडून (पेजे वाटणाऱ्या कर्नलच्या भागाकडून) घेतात, ती कोणत्याही ओळीत दिसत नाहीत. नेटवर्क कार्डाचे बफर सामान्यतः कार्ड ज्या नोडला जोडलेले असते तिथेच घेतले जात असल्याने, हा बेहिशेबी भाग दोन नोडांवर सारखा असेल अशी अपेक्षा ठेवू नये. ह्यूजपेज राखून ठेवले असते, तर तेही मेमयूज्डमध्ये आले असते पण फाइलपेजेस किंवा ॲनॉनपेजेसमध्ये आले नसते. त्यांच्या ओळी केबीत नसून पेजांच्या संख्येत असतात, हेही एजंट लिहिताना ध्यानात ठेवावे.

'मेमअव्हेलेबल' ही ओळ कर्नलच्या ३.१४ या आवृत्तीत, २०१४ साली आली. ती संपूर्ण यंत्रासाठीचा अंदाज आहे: स्वॅप न करता नव्या कामाला किती मेमरी देता येईल, याचा. नोडच्या पातळीवर या प्रश्नाला एकच उत्तर नसते, कारण एका नोडवरची मागणी सहसा दुसऱ्या नोडवर वळवता येते. याच धर्तीवर काही ओळी नोडच्या फाइलीत नाहीत, कारण त्या राशींना नोडच नसतो. ह्यूजपेजचे एकूण, मोकळे आणि जादा असे आकडे नोडनिहाय मिळतात, परंतु आरक्षित आकडा मिळत नाही, कारण ते आरक्षण सबंध यंत्राचे असते. 'बफर्स' ही ओळ ब्लॉक डिव्हाइसांच्या पेजांवरून काढली जाते, म्हणून तीही नाही. आणि ती नसल्यामुळे 'कॅश्ड' ही ओळही नोडसाठी काढता येत नाही.

तरीही अंदाज हवाच असेल, तर तो स्वतः काढता येतो. नोडचे मेमफ्री घ्यावे. /प्रॉक/झोनइन्फोमधून त्या नोडच्या प्रत्येक झोनचा 'हाय' वॉटरमार्क (मोकळ्या पेजांची कर्नलने ठरवलेली पातळी) आणि 'प्रोटेक्शन' या ओळीतील सर्वांत मोठी संख्या वजा करावी. मग ॲक्टिव्ह-फाइल व इनॲक्टिव्ह-फाइल यांची बेरीज मिळवावी. तीतून तिचा अर्धा भाग किंवा 'लो' वॉटरमार्कांची बेरीज, यांपैकी जे लहान असेल ते वगळावे. केरिक्लेमेबल (कर्नलची परत मिळण्याजोगी मेमरी) या ओळीलाही हाच नियम लावावा. झोनइन्फोतील संख्या पेजांत असतात आणि मेमइन्फोतील केबीत, एवढे सांभाळावे. आपल्या नोड ० साठी उत्तर ३५ जीबींच्या पुढे यायला हवे. म्हणजे मेमफ्रीवरून वाटते तेवढी टंचाई तिथे नाही. तरीही स्वॅप होतो, कारण केस्वॅपडी आधी सगळी कॅशे संपवून मग स्वॅपकडे वळत नाही. स्वॅपीनेस (स्वॅपकडे किती कल ठेवायचा ते ठरवणारे मूल्य) मूळच्या ६० वर असेल तर तो दोन्हींकडून पेजे उचलतो.

जाता जाता: पेजटेबल्सच्या ३ जीबींकडे दुर्लक्ष करू नये. ४ केबींच्या पेजांनी ४२ जीबी सामायिक मेमरी पूर्ण जोडायची, तर प्रत्येक पेजामागे ८ बाइट याप्रमाणे दर प्रक्रियेला ८४ एमबी पेज टेबल लागते, आणि पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक जोडणी ही स्वतंत्र प्रक्रिया असते. २ एमबींचे ह्यूजपेज वापरल्यास हाच खर्च दर प्रक्रियेला १६८ केबींवर येतो.

---

प्रतिसाद: झोनलिस्ट

वरील विवेचनाशी सहमत आहे. मात्र न्यूमास्टॅटबद्दलचा आपला निष्कर्ष मला उलटा वाटतो. आपल्याच आकड्यांत रोगाचा पुरावा आहे.

हे काउंटर कुठे वाढतात ते आधी पाहू. पेज ॲलोकेटर एखादे पेज देतो, तेव्हा तो दोन प्रश्न विचारतो. पहिला प्रश्न: पेज ज्या नोडवर मिळाले, तोच नोड पसंतीचा होता का? होता, तर त्या नोडचा न्यूमा_हिट एकाने वाढतो. नव्हता, तर जिथे मिळाले त्या नोडचा न्यूमा_मिस आणि जिथे हवे होते त्या नोडचा न्यूमा_फॉरिन वाढतो. दुसरा प्रश्न: मागणी करणारा सीपीयू त्याच नोडवर होता का? होता तर लोकल_नोड, नव्हता तर अदर_नोड. म्हणूनच प्रत्येक नोडवर हिट अधिक मिस ही बेरीज लोकल अधिक अदर या बेरजेएवढी येते. एजंटने वाचलेले आकडे बरोबर आहेत की नाहीत, हे तपासण्यासाठी ही जुळणी उपयोगी पडते.

यातली ग्यानबाची मेख 'पसंती' या शब्दात आहे. पसंती प्रक्रियेच्या मेमरी-धोरणावरून ठरते, सीपीयूच्या जागेवरून नव्हे. नोड १ वर धावणाऱ्या प्रक्रियेची मेमरी नोड ० ला बांधून टाकली, तर तिचे प्रत्येक पेज दूरच्या नोडवरून येत असूनही नोड ० चा न्यूमा_हिटच वाढेल. मिस आणि फॉरिन शून्यच राहतील. दूरपणा फक्त अदर_नोडमध्ये दिसेल. तेव्हा 'मिस नाहीत म्हणजे दूरचा वापर नाही' हे विधान टिकत नाही. शिवाय हे सारे काउंटर पेज देण्याच्या क्षणाचे आहेत. पेज मिळाल्यानंतर प्रक्रिया दुसऱ्या सॉकेटवर गेली आणि पुढे लाखो वेळा दूरून वाचत राहिली, तरी यांत काहीही हलत नाही. प्रत्यक्ष वाचन-लेखन कुठून होते हे पाहायचे तर 'पर्फ' या मोजणीच्या साधनाकडून प्रोसेसरचे काउंटर घ्यावे लागतात.

आता आपल्या यंत्राकडे वळू. नेहमीच्या धोरणात नोड ० वरील झोन 'लो' वॉटरमार्कखाली गेला, तर ॲलोकेटर पहिल्याच फेरीत झोनलिस्टमधील (झोनांच्या पसंतीक्रमाच्या यादीतील) पुढच्या झोनकडे, म्हणजे नोड १ कडे जातो आणि तिथून पेज घेऊन मोकळा होतो. केस्वॅपडीला साद घातली जाते ती यादीतील सगळे झोन नापास झाल्यावर, संथ मार्गात. नोड १ वर ६८ जीबी मोकळे असताना ती वेळ सहसा यायलाच नको; पेजे तिकडे सांडली असती आणि नोड ० चा न्यूमा_फॉरिन तसाच नोड १ चा न्यूमा_मिस एकमेकांच्या बरोबरीने वाढताना दिसले असते. आपल्याकडे नोड ० तुडुंब, केस्वॅपडी० धावतो आहे आणि फॉरिन मात्र जागचा हललेला नाही. याचा सरळ अर्थ असा की मागणी करणाऱ्यांच्या यादीत नोड १ आहेच कुठे? शेमेमचे ४२ जीबी एकाच नोडवर असणे याला दुजोरा देते.

दोन गोष्टी पाहाव्यात. /प्रॉक/प्रक्रिया-क्रमांक/स्टेटस या फाइलीत मेम्स_अलाउड_लिस्ट ही ओळ असते. ती सीपीयूसेटचे (प्रक्रियांच्या गटाला ठरावीक सीपीयू व नोड नेमून देणाऱ्या सोयीचे) बंधन दाखवते, परंतु मेमरी-धोरण दाखवत नाही. धोरणासाठी त्याच डिरेक्टरीतील न्यूमा_मॅप्स उघडावी. प्रत्येक ओळीच्या दुसऱ्या रकान्यात 'डिफॉल्ट' किंवा 'बाइंड:०' असे लिहिलेले असते, आणि पुढे एन०=, एन१= अशा नोंदींतून कोणत्या नोडवर किती पेजे आहेत ते कळते. झोन_रिक्लेम_मोड शून्य आहे ना, हेही बघून घ्यावे. तो चालू असेल तर मागणी करणारी प्रक्रियाच दुसऱ्या नोडकडे जाण्यापूर्वी स्वतःच्या नोडवर साफसफाई करते. तरी केस्वॅपडी०ची धावपळ पाहता माझा संशय बाइंडवर आहे.

---

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद: सर्व्हरराखा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. न्यूमा_मॅप्समध्ये पोस्टग्रेसच्या प्रत्येक ओळीत 'बाइंड:०' आढळले. सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या सेवा-फाइलीत न्यूमापॉलिसी 'बाइंड' आणि न्यूमामास्क शून्य असे लिहिलेले होते. डेटाबेस लहान होता आणि एका नोडमध्ये सहज मावत होता, त्या काळातली ही व्यवस्था आहे. झोन_रिक्लेम_मोड शून्यच आहे. आता ही ओळ काढून टाकावी की 'इंटरलीव्ह' (पेजे दोन्ही नोडांवर आळीपाळीने वाटणे) करावे?

दुसरे असे की आमचा एजंट दर पाच सेकंदांनी सगळे वाचणार आहे. प्रत्येक प्रक्रियेची न्यूमा_मॅप्सही त्यात घ्यावी, असा एका सहकाऱ्याचा आग्रह आहे. तो योग्य आहे का?

---

प्रतिसाद: बाइटबाराखडी

सहकाऱ्यांना कृपया थांबवा. न्यूमा_मॅप्स ही साठवलेली आकडेवारी नाही. ती फाइल वाचली की कर्नल त्या प्रक्रियेची पेज टेबले पहिल्यापासून शेवटपर्यंत चालत जातो आणि प्रत्येक पेज कोणत्या नोडवर आहे ते त्या वेळी मोजतो. त्यासाठी प्रक्रियेच्या मेमरी-नकाशाचे कुलूपही वाचनासाठी धरतो. ४२ जीबी सामायिक मेमरी जोडलेल्या शेकडो प्रक्रिया असतील, तर तीच पेजे शेकडो वेळा मोजली जातील, आणि हे दर पाच सेकंदांनी! न्यूमास्टॅटला प्रक्रिया-क्रमांक दिला असता तीही हेच वाचते. हे साधन निदानासाठी, माणसाने हाताने चालवावे. सेवेनिहाय आकडे नियमित हवे असतील, तर सीग्रुपच्या (प्रक्रियांचे गट करून त्यांचा हिशेब ठेवणाऱ्या कर्नलच्या सोयीच्या) दुसऱ्या आवृत्तीत मेमरी.न्यूमा_स्टॅट ही फाइल आहे. तीत ॲनॉन, फाइल, शेमेम यांचे नोडनिहाय आकडे मिळतात, त्यासाठी पेज टेबले चालावी लागत नाहीत, आणि प्रक्रियांनी न जोडलेली पण त्या सेवेच्या नावावर असलेली पेज कॅशेही तीत येते, जी न्यूमा_मॅप्समध्ये कधीच येत नाही. येथे एकक बाइट आहे. सीग्रुपच्या पहिल्या आवृत्तीत याच नावाची फाइल पेजांत बोलते, हा घोळ अनेक एजंटांत अजूनही आढळतो.

नोडच्या मेमइन्फोचे वाचन स्वस्त आहे, परंतु त्यातील आकडे काटेकोर आहेत असे समजू नये. प्रत्येक पेजामागे सर्व सीपीयूंनी एकच सामायिक काउंटर बदलायचा म्हटले, तर ती कॅशे लाइन या सॉकेटवरून त्या सॉकेटवर नुसती हेलपाटे घालत राहील. म्हणून प्रत्येक सीपीयू आपला फरक एका बाइटमध्ये स्वतःपाशी ठेवतो आणि तो ठरावीक उंबरठा ओलांडला की मगच मूळ काउंटरमध्ये मिळवतो. उंबरठा सीपीयूंच्या संख्येवरून आणि मेमरीच्या आकारावरून ठरतो; मोठ्या यंत्रावर तो १२५ पेजांच्या कमाल मर्यादेला टेकतो. १२८ सीपीयू असतील तर तत्त्वतः १६,००० पेजे, म्हणजे ४ केबींच्या पेजांत ६२.५ एमबी, एवढी तफावत कोणत्याही क्षणी संभवते. उंबरठ्याखाली अडकलेले फरक व्हीएमस्टॅटचे नियतकालिक काम गोळा करते. त्याचे अंतर व्हीएम.स्टॅट_इंटरव्हल या मूल्याने ठरते आणि ते मुळात एक सेकंद असते. चाचणीत नेमका आकडा हवा असेल तर व्हीएम.स्टॅट_रिफ्रेश लिहून सर्व सीपीयूंचे फरक तत्काळ जमा करवता येतात. देखरेखीच्या एजंटमध्ये ते करू नये, कारण त्यासाठी प्रत्येक सीपीयूवर काम पाठवावे लागते. १२५ जीबींच्या नोडवर साठ एमबींची चूक कुणाच्या खिजगणतीत नसते.

'पेजमोजणी' यांनी सुचवलेल्या उपलब्धतेच्या सूत्राबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. गणित बरोबर आहे, पण आलेखावर ती रेषा काढली की लोक तिच्यावर इशारे लावतात, आणि ती ताण दाखवत नाही. याच उदाहरणात पाहा: अंदाज ३५ जीबींहून अधिक उपलब्ध म्हणतो आणि यंत्र स्वॅप करते आहे. ताणाचा नोडनिहाय माग हवा असेल तर नोडच्या डिरेक्टरीतील व्हीएमस्टॅट ही फाइल वाचावी. तीत वर्किंगसेट_रिफॉल्ट_ॲनॉन आणि वर्किंगसेट_रिफॉल्ट_फाइल हे काउंटर आहेत. मेमरीतून काढून टाकलेले पेज पुन्हा आणावे लागले की ते वाढतात, म्हणजे गरजेचीच पेजे बाहेर फेकली जात आहेत का, ते यांवरून कळते. ४.२० पासून मिळणारी /प्रॉक/प्रेशर/मेमरी ही फाइलही चांगली आहे, परंतु ती यंत्राचा किंवा सीग्रुपचा ताण सांगते, नोडचा नाही.

झोनइन्फो वाचणार असाल तर एक खाचखळगा आहे. २०१६ साली ४.८ या आवृत्तीत मेल गॉर्मन यांच्या बदलांनी पेज परत मिळवण्याच्या याद्या झोनकडून नोडकडे गेल्या. तेव्हापासून झोनइन्फोत प्रत्येक नोडच्या पहिल्या झोनखाली 'नोडनिहाय आकडे' असा वेगळा भाग छापला जातो, आणि शिवाय प्रत्येक झोनखाली एनआर_झोन_इनॲक्टिव्ह_फाइल यांसारख्या ओळी असतात. दोन्हींत तीच पेजे असतात. नावांतील साम्य पाहून दोन्ही मिळवणारा पार्सर कॅशे दुप्पट दाखवतो.

बाइंड की इंटरलीव्ह, याबद्दल थोडक्यात: ४८ जीबींचे सामायिक बफर दोन्ही सॉकेटांवरच्या जोडण्या वापरणार असतील, तर इंटरलीव्ह करावे. नुसते डिफॉल्ट ठेवल्यास पेज त्याला प्रथम स्पर्श करणाऱ्या सीपीयूच्या नोडवर जाते. सुरू झाल्याबरोबर एकाच प्रक्रियेने बफर भरून घेतले, तर पुन्हा ४२ जीबी एका बाजूला जमतील. धोरण बदलल्यावर सेवा पुन्हा सुरू करावी लागेल, कारण आधी दिलेली पेजे आपोआप जागा बदलत नाहीत. नंतर दोन्ही नोडांवर इंटरलीव्ह_हिट सारख्या गतीने वाढू लागेल, शेमेम दोन्हीकडे भरत जाईल आणि अदर_नोडही वाढेल. या वाढीने दचकू नये, इंटरलीव्हमध्ये ती अपेक्षितच असते.

---

प्रतिसाद: पेजमोजणी

रिफॉल्टचे काउंटर इशाऱ्यांसाठी अधिक चांगले, हे मान्य. माझे सूत्र नवे काम कोणत्या नोडवर ठेवावे हे ठरवताना उपयोगी पडते, म्हणून ते मी वापरतच राहीन. त्यावर इशारा लावण्याची शिफारस मीही करणार नाही.

एजंटबद्दल थोडी भर घालतो. स्वतः लिहिण्यापूर्वी प्रोमिथियस या देखरेख-प्रणालीच्या नोड एक्स्पोर्टरमधील मेमइन्फो_न्यूमा हा कलेक्टर पाहावा. तो मुळात बंद असतो, चालू करावा लागतो, आणि नोडच्या मेमइन्फो व न्यूमास्टॅट या दोन्ही फाइली वाचतो. स्वतःच लिहायचे ठरले, तर नोडांचे क्रमांक शून्यापासून सलग असतील असे गृहीत धरू नये. 'ऑनलाइन' आणि 'हॅज_मेमरी' या फाइलींतून यादी घ्यावी. न्यूमास्टॅटमधील सगळे आकडे अचानक शून्यावर आले, तर यंत्र पुन्हा सुरू झाल्याचे मानण्यापूर्वी व्हीएम.न्यूमा_स्टॅट तपासावे. पेज वाटपाचा वेग वाढवण्यासाठी हे काउंटर बंद ठेवता येतात, आणि बंद करताना ते पुसलेही जातात. पुढेमागे सीएक्सएलवरची (प्रोसेसरला बाहेरून जादा मेमरी जोडण्याच्या जोडणीवरची) मेमरी जोडलीत, तर ती बहुधा सीपीयू नसलेला स्वतंत्र नोड म्हणून दिसेल. तिथे लोकल_नोड कायम शून्य आणि सारे वाटप अदर_नोडमध्ये असेल, त्यामुळे 'स्थानिक वाटपाची टक्केवारी' हा आलेख त्या नोडसाठी काढूच नये.